प्रस्तावना : किंमत कोणी मोजायची?

असोद्याहून भादलीचे रेल्वे स्टेशन फार दूर नाही. ५ मे १९१८ रोजी त्या स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून त्र्यंबक बापूजी ठोंबरे गेले, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ते धरणगावात जन्मले होते. १९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी या कोवळ्या पोराला 'बालकवी' ही पदवी दिली. आमच्या भागातल्या शाळांतून एवढे सगळे शिकवतात. मीही पुष्कळ वर्षे एवढेच शिकवले.

पुढची गोष्ट मला उशिरा उमगली. त्या संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. त्यांनी या मुलाला ओळखले आणि पुढे अहमदनगरला आपल्या घरी नेऊन ठेवले. चित्पावन ब्राह्मण घरात जन्मून ख्रिस्ती झालेले गृहस्थ, त्यांच्यामागून पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतलेली त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, आणि त्यांच्या घरी राहायला आलेला खानदेशातला हिंदू मुलगा. हे १९०८-०९ चे दिवस होते. कोणाच्या हातचे पाणी कोण पितो यावर माणसाची जात, सोयरीक आणि अंत्यविधीसुद्धा ठरण्याचा तो काळ. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी या ठोंबऱ्यांबद्दल लिहिले आहे ते एखाद्या आईने हट्टी, हळव्या मुलाबद्दल लिहावे तसे. तो त्या घरात हिंदू म्हणून आला आणि हिंदू म्हणूनच बाहेर पडला. त्या घराने त्याला जेवू घातले ते बाप्तिस्म्याच्या अटीवर नव्हे.

या पुस्तकाचा विषय मला त्या घराच्या उंबऱ्यावर सापडला. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने राज्यकारभार, संस्कृती आणि नातीगोती यांतल्या अवघड प्रश्नांपुढे कसे उभे राहावे? रविवारी उपासनेत म्हटलेले सोमवारी ग्रामसभेत, मंगळवारी बाजारात आणि बुधवारी मुलीच्या लग्नाच्या बोलाचालीत कसे टिकावे? शुभवर्तमानात या प्रश्नांची तयार उत्तरे फारशी नाहीत. कर भरावा की नाही असे विचारून येशूला पेचात पकडू पाहणारे लोक आले, तेव्हा त्याने नाणे मागवले, त्यावर मुद्रा कोणाची ते विचारले आणि कैसराचे काय व देवाचे काय हा हिशेब विचारणाऱ्यांवरच सोपवला. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे का, या करिंथच्या मंडळीच्या प्रश्नावर पौलाने आधी मोकळीक दिली आणि लगेच बजावले की तुझ्या मोकळिकीने दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर ती मोकळीक सोडून दे. म्हणजे 'मला काय चालते' हा प्रश्न त्याने 'माझ्या वागण्याचा भार कोणावर पडतो' या प्रश्नापाशी नेऊन ठेवला. मला या विषयाची गुरुकिल्ली तिथे दिसते, आणि हे पुस्तक याच किल्लीने दारे उघडू पाहते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला आधी जगातल्या मोठ्या वाटा ठाऊक असाव्यात. रोम लुटले गेल्यानंतर पाचव्या शतकात ऑगस्टीनने देवाची नगरी आणि माणसांची नगरी यांचा विचार मांडला. दोन्ही नगऱ्या इतिहासात एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि कोणतेही साम्राज्य म्हणजे देवाचे राज्य नव्हे, हे त्याचे म्हणणे अजून शिळे झालेले नाही. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने देवाच्या दोन सत्ता मानल्या, एक अंतःकरणावर चालणारी आणि दुसरी कायद्याने चालणारी. मेनोनाइटांसारख्या पंथांनी तलवार आणि सरकारी अधिकार यांपासून दूर राहायचे ठरवले. याच्या अगदी उलट टोकाला नेदरलँड्सचे अब्राहम कायपर: शाळा, वृत्तपत्र, राजकीय पक्ष, सगळीकडे ख्रिस्ताचा अधिकार चालतो असे मानणारे हे धर्मपंडित १९०१ साली देशाचे पंतप्रधान झाले. कॅथलिक परंपरेत पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामगाराची मजुरी आणि संघटना हा धर्माचा प्रश्न ठरवला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चच्या खिडक्या जगाकडे उघडल्या. पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीचे ईश्वरविज्ञान मांडून धर्मशास्त्र गरिबाच्या जागेवर बसून वाचायला सांगितले.

या वाटांची कसोटी लागली ती जर्मनीत. १९३४ साली बार्मेन येथे जमलेल्या प्रोटेस्टंट मंडळींनी चर्चचा प्रभू एकच आहे, तिथे दुसऱ्या कोणत्याही नेत्याला जागा नाही, असे जाहीर केले. पण त्या जाहीरनाम्यात ज्यूंवरील अत्याचारांविषयी शब्द नव्हता. चर्चने चर्चचा बचाव केला, शेजाऱ्याचा केला नाही. डीट्रिख बोनहोफर यांना ही उणीव सलत होती. ते पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेले. आपल्या श्रद्धेवर घाला पडतो तेव्हाच जागे होणारी श्रद्धा अपुरी आहे, हा धडा जर्मनीने रक्त सांडून लिहिला. खानदेशातल्या शंभर-दोनशे माणसांच्या मंडळीलाही तो तेवढाच लागू आहे.

पण हे पुस्तक मराठीत आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसाला या प्रश्नांसाठी जर्मनी किंवा पेरूच्या आधी स्वतःच्या घरात पाहता येते. या घराला चारशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकले, संतकवींच्या ओवीचा नाद त्यांनी कानात मुरवला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मराठीचा गौरव त्यात एखाद्या मराठी कवीइतक्याच प्रेमाने केलेला आहे. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते आणि ते १८१२ पर्यंत टिकले. एकाच श्रद्धेच्या नावाने एकाने लोकांच्या भाषेपुढे मान लवविली आणि दुसऱ्यांनी लोकांना चौकशीच्या खुर्चीत बसवले. या दोन्ही गोष्टी एका पानावर वाचल्याशिवाय मराठी ख्रिस्ती माणसाने इतरांपुढे संस्कृतीविषयी बोलू नये, असे मला मनापासून वाटते.

दुसरा अध्याय ब्रिटिश राज्यातला. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची माणसे मुंबईत उतरली. १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. शाळा, छापखाने, दवाखाने उभे राहिले आणि जोडीला वादविवादही पेटले. त्या वादांची किंमत कधी कधी मुलांनी मोजली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. पण घरी परतला म्हणून जात त्याला परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या प्रायश्चित्ताची बाजू घेतली, तर त्यांच्यावरच बहिष्काराची वेळ आली. या प्रकरणात प्रत्येक पक्षाला आपले धर्मकर्तव्य स्वच्छ दिसत होते. मधला मुलगा कोणालाच दिसत नव्हता.

बाबा पदमनजींनी या काळात वेगळा रस्ता धरला. १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. तिच्यात विधवांचे हाल आहेत. धर्मांतरानंतर परक्या समाजाकडे बघून उपदेश करण्यापेक्षा आपल्याच समाजातल्या बाईचे दुःख पाहणे त्यांनी पसंत केले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहीत, पण त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली. त्या एकाच घरात कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान, कोणी सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. आंतरधर्मीय नात्यांवर आज जे काही लिहिले जाते ते अजून त्या घराच्या ओसरीपर्यंतही पोचलेले नाही.

पंडिता रमाबाईंनी या प्रश्नांच्या बाबतीत सर्वांत मोठी झेप घेतली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच सिद्धान्तावरून आणि अधिकारावरून वाद घातला. आपण एका पुरोहितशाहीचे जू उतरवले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांचा पवित्रा शेवटपर्यंत टिकला. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून हजेरी लावली. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी जाहीर टीका केली. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते म्हणून जीभ आवरली नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने उघड्यावर टाकलेल्या मुली वाढवल्या आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. आपल्या धर्माच्या सत्ताधाऱ्याला जाब विचारणे, ही राजकारणातल्या श्रद्धेची पहिली परीक्षा. रमाबाई तिच्यात उतरल्या.

टिळक दांपत्याकडे मी पुन्हा येते, कारण नात्यांच्या प्रश्नावर त्यांच्याइतका उघडा आणि प्रामाणिक पुरावा मराठीत दुसरा नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय त्यांच्या विवेकाचा होता आणि तो घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण त्याची किंमत पहिल्या दिवसापासून लक्ष्मीबाईंनी मोजली: नवरा जिवंत असून दुरावलेला, मूल पदरात, माहेरी-सासरी आश्रित. नंतरच्या वर्षांत टिळकांनी एक गोष्ट केली, तिच्यामुळे माझा त्यांच्याविषयीचा आदर टिकून आहे. त्यांनी पत्नीवर विश्वास लादला नाही. त्या जवळ राहायला आल्या तेव्हा आपले सोवळेओवळे पाळत राहिल्या. जात माणसाने केली की देवाने, याचा झगडा त्यांनी स्वतःच्या मनाशी एकटीने केला आणि १९०० साली आपल्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला गेल्या. पुढे टिळकांनी अभंगांत ख्रिस्ताला मराठी भक्तीच्या अंगणात आणले, १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करून मिशनच्या आश्रयाबाहेर देशी ख्रिस्ती भक्तीचा प्रयोग केला, आणि त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईने किंमत मोजली तिनेच शेवटचे अध्याय लिहिले.

राजकारणातली मराठी ख्रिस्ती परंपरा कमी चर्चिली जाते. माझगावचे जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा लोकमान्यांचे साथीदार. १९१६ साली होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि पुढे मुंबईचे महापौर. दुसऱ्या बाजूने आरसा दाखवला तो डॉ. आंबेडकरांनी. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्माकडेही बारकाईने पाहिले होते. १९३८ साली सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितले की तुमच्यात शिकलेली मुले-मुली शेकड्यांनी आहेत, तरी अन्यायाविरुद्ध तुम्ही अस्पृश्यांइतकीही चळवळ केली नाही. धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जात टिकून राहते, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्या आरोपाला चर्चच्या आतून उत्तर यायला १९८१ उजाडले. त्या वर्षी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञानाची दिशा दाखवली: ज्याला चर्चच्या दारातही मागच्या बाकावर बसवले गेले, त्याच्या वेदनेतून ख्रिस्ताकडे पाहायचे.

अलीकडच्या काळात ही परंपरा वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पुढे नेली. 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि हरित वसईच्या लढ्यातले खंदे कार्यकर्ते. त्यांच्यासाठी विहीर, भातशेती आणि बिल्डरशाहीविरुद्धचा मोर्चा हा उपासनेचाच भाग होता, आणि त्या लढ्यात त्यांच्याबरोबर हिंदू शेतकरीही उभे होते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोध झाला, तरी त्यांनी मराठीचा हात सोडला नाही. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

आता आमचा खानदेश. वसई किंवा अहमदनगरसारखी दाट ख्रिस्ती वस्ती इथे कधी नव्हती. भुसावळच्या रेल्वेने अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबे आणली. पूर्व भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने आणि धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने मंडळ्या उभ्या केल्या. चिंचपाड्याच्या रुग्णालयासारखी कामे आदिवासींपर्यंत पोचली. त्यामुळे इथला ख्रिस्ती माणूस एका प्रकारचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल किंवा मावची शेतकरी, रेल्वेतला कर्मचारी, शहरातली परिचारिका आणि माझ्यासारखी गावात राहणारी शिक्षिका एकाच शास्त्रातून वाचतात, पण त्यांच्यापुढचे प्रश्न एक नाहीत.

याच खानदेशात धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढे विनोबांनीच 'ख्रिस्तधर्म-सार' संकलित केले. दुसऱ्याच्या धर्मग्रंथापुढे अभ्यासाने आणि आदराने बसता येते, हे त्यांनी करून दाखवले. आम्ही गीतेपुढे किंवा गाथेपुढे तसे बसतो का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आणि असोदा म्हणजे बहिणाबाईंचे माहेर. २४ ऑगस्ट १८८० ला इथे जन्मलेल्या या बाईला लिहिता येत नव्हते. तिच्या ओठांवरची गाणी मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी टिपून ठेवली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली. तिचा देव देव्हाऱ्याइतकाच जात्यापाशी, पेरणीत, सासरच्या वाटेवर आणि वैधव्याच्या दुःखात भेटतो. जी श्रद्धा शेतात आणि चुलीपाशी बोलू शकत नाही ती या गावाला ऐकू येत नाही. हे मी इथे राहून शिकले, आणि मंडळीतल्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा त्याचा मला अधिक उपयोग झाला.

माझे वडील पाळक होते. लहानपणी शेजारच्या काकू पूजेचा प्रसाद घेऊन आल्या की आमच्या घरात क्षणभर शांतता पसरायची. आईने तो कधी परत केला नाही. एकदा आम्ही भावंडांनी वडिलांना विचारले, हे शास्त्रात बसते का? त्यांनी करिंथकरांस पत्र काढून वाचले, पण निकाल दिला नाही. आई एवढेच म्हणाली, "ती ताट झाकून इथवर आली, तिचा हात रिकामा परत पाठवायचा का?" नाताळाच्या दिवसांत असोद्याच्या वांग्यांचे भरीत व्हायचे, काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, कळण्याच्या भाकरी थापायच्या, आणि पहिले ताट त्या काकूंकडे जायचे. एका वर्षी काकूंनी दारातूनच हसत विचारले, "बाई, तुमच्या देवाले आमची वांगी चालतात का वं?" आई म्हणाली, "त्यानंच पिकवली ना!" माझ्या आईवडिलांत या प्रश्नावर पूर्ण एकमत नव्हते हे मला मोठेपणी कळले. पण त्या मतभेदाची झळ त्यांनी काकूंना लागू दिली नाही.

याच्या उलट एक आठवण सांगते. आमच्या नात्यातल्या एका मुलीने हिंदू मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगी शहरात निघून गेली. त्यांच्या मंडळीने मात्र तिच्या आईला काही महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवले. त्या बाईने ना लग्न ठरवले होते, ना मोडू शकली असती. मंडळीला आपण शिस्त राखली असे वाटले. त्या शिस्तीची किंमत मागच्या बाकावर बसून डोळे पुसणाऱ्या एका वृद्धेने मोजली. तिला तसे पाहिले त्या रविवारी हे पुस्तक लिहायचे मी ठरवले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. श्रद्धेतून घेतलेल्या प्रत्येक निर्णयाला किंमत असते. ती निर्णय घेणारा स्वतः मोजतो की दुसऱ्याच्या माथी मारतो, हे पाहावे. वधस्तंभाचा अर्थ मला असा लागतो: देवाने आपल्या प्रीतीची किंमत दुसऱ्या कोणाकडून वसूल केली नाही. या मापाने इन्क्विझिशन खोटे ठरते आणि केडगाव खरे ठरते. हेच माप आपल्या घराला, मंडळीला आणि मताला लावण्याचा धीर आपण करावा, एवढीच माझी विनंती आहे.

हे आजच का बोलायचे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्या लहान समाजाला दोन मोह होतात: भीतीने दार लावून घेण्याचा, नाहीतर जो संरक्षण देईल त्याच्या मागे मुकाट जाण्याचा. दोन्ही मोहांत शेजारी हरवतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, पण धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा ही मागणी नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यातही उठते. १९७७ च्या स्टेनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. ख्रिस्ती माणसाने या निकालावर नाराज होण्याआधी स्वतःला विचारावे की भूक, आजारपण किंवा कर्ज यांच्या आडोशाने विश्वास देण्याचा प्रकार आपल्यापैकी कोणी करतो का. आणि राज्याने विचारावे की प्रौढ माणसाच्या विवेकावर पहारा बसवून कोणाचे रक्षण होते.

घरातही तोच हिशेब आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराला क्रौर्य किंवा परित्याग यांची जोड सिद्ध करावी लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद रद्द ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. लग्न पवित्र आहे हे चर्च शंभर वर्षे सांगत होते आणि ते खरेही आहे. पण त्या पावित्र्याची किंमत मार खाणाऱ्या बायका मोजत होत्या. गावातल्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. त्यातला बहिष्कृत माणूस उद्या कोणत्याही धर्माचा असू शकतो. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आपल्या मंडळीतून कोणी उठेल का, यावर आपल्या विश्वासाची खरी नोंद होईल.

या पुस्तकात मी पंथांच्या भांडणाचा निकाल लावलेला नाही. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा काय साधले आणि काय राहिले याचा अभ्यास अधिकारी माणसांनी करावा. मतदानयंत्रावर कोणाचे बटण दाबावे हेही इथे सापडणार नाही. इथे आहेत ते प्रसंग: मतदान, दफनभूमीची जागा, सणातले आमंत्रण, जातीबाहेरचे लग्न, आजारी सासू, वाटणीतला शेतीचा तुकडा, मोबाईलवर फिरणारी द्वेषाची चिठ्ठी. प्रत्येक प्रसंगात शास्त्र काय म्हणते, आपल्या पूर्वसूरींनी काय केले आणि किंमत कोणाकडे जाते, या तीन पायऱ्यांनी मी चालले आहे. जिथे मला उत्तर सापडले नाही तिथे प्रश्न तसाच ठेवला आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हे पुस्तक वाचता यावे म्हणून मंडळीतले शब्द शक्य तिथे उलगडून सांगितले आहेत, कारण ज्याच्याविषयी बोलायचे त्याला चर्चेतून बाहेर ठेवणे योग्य नव्हे.

लिखाण संपले तेव्हा ख्रिस्ती नसलेली पहिली वाचक शेजारच्या काकूंची सून होती. तिने हस्तलिखित आठ दिवस ठेवून घेतले. एका पानाच्या कोपऱ्यावर तिने पेन्सिलीने लिहिले होते, "इथं आमची बाजू राहून गेली." तिचे म्हणणे खरे होते. ते पान मी पुन्हा लिहिले, आणि तिच्या शब्दांसाठी जागा ठेवली.

असोदा